कलकत्त्याची पोथी

नवऱ्यानं बायकोला चारचौघांत काही द्यायचं नाही, ही आमच्या परळीची रीत. ज्यानं ती घातली तो एकदा भेटायला हवा, त्याला चांगलं सुनावीन.

शेजारचा कल्याणराव कलकत्त्याला एका व्यापाऱ्याकडे कारकुनीला होता. दिवाळीला येताना त्यानं बायकोसाठी, शिवकांतासाठी, एक बंगाली पुस्तक आणलं. ओसरीवरच बापानं अडवलं. "हे काय रे?"

कल्याणरावाची बोबडी वळली. "पोथी हाय, अप्पा."

मल्लिनाथअप्पांनी ती थेट देव्हाऱ्यात ठेवली. मग चुलीपाशी कल्याणराव शिवकांताला हळूच म्हणाला, "पिरतीची गाणी हायेत ती. तुझ्यासाठी आणली. पुढच्या खेपेला अर्थ सांगतो."

पुढची खेप झालीच नाही. पटकीनं त्याला तिकडेच नेलं.

शिवकांता रोज त्या पुस्तकावर बेल वाहायची. सासरे कौतुकानं सांगायचे, सून लई भाविक हाय.

काही वर्षांनी श्रावणात वैजनाथाच्या दर्शनाला एक बंगाली जोडपं आलं. अप्पांनी त्यांना घरी आणलं, पोथी ऐकायला सारी गल्ली गोळा केली. बाईनं पुस्तक उघडलं, दोन ओळी वाचल्या आणि थांबली. जोडलेले हात पाहिले, मग दाराआड कुंकवाविना उभी असलेली शिवकांता पाहिली. तिला काय उमगलं कोण जाणे, ती सावकाश पुढे वाचत राहिली. शिवकांताच्या डोळ्यांना धार लागली.

"बघा, भक्ती अशी असावी," अप्पा म्हणाले. मीही मान डोलावली.

वाचन संपल्यावर अप्पांनी पोथी रेशमी फडक्यात बांधून बाईपुढे धरली. "आमच्यात हिला वाचणारं कुणी न्हाई. पोथी मुकी ठेवणं पाप हाय. माई, तुमी न्या."

"मामा, ऱ्हाऊ द्या ती," शिवकांता म्हणाली. सासऱ्यासमोर ती पहिल्यांदाच बोलत होती.

"कावून, पोरी?"

खरं सांगितलं, तर गेलेला नवरा गल्लीसमोर खोटा ठरणार. "काही न्हाई," ती म्हणाली. पोथी गेली.

हे सारं तिनं मला नंतर विहिरीवर सांगितलं. मी चिडलेच. "बोलली असतीस तर जीभ झडली असती का?"

"निघताना ती बाई मला बाजूला घेऊन मोडक्या हिंदीत म्हणाली, अर्थ सांगू का. मी नको म्हणलं."

"अगं, कावून?"

तिनं घागर उचलून कमरेवर घेतली.

"ते सांगणार हुते ना."