कागदफुलांचा मुकुट

शरदाचं ऊन ओसरत होतं. ओकची पिवळी, पिंगट, तांबूस पानं मंद मंद गळत होती, इंग्लंडातल्या ॲशकोम खेड्याच्या चर्चवर उतरत होती. सातशे वर्षं उभं राहून थकलेलं ते चर्च: फुगल्या भिंतींचं, झिजल्या उंबरठ्याचं, शेवाळल्या छताचं.

त्याने काय काय सोसलं होतं! महामारीने गवंडी नेले, डावी कमान अर्धीच राहिली. मग चर्चमध्ये चित्रं नकोत अशी राजाज्ञा आली, आणि भिंतींवर रंगवलेले नील-सुवर्ण संत चुन्याखाली गाडले गेले. रंगीत काचा फुटल्या, साध्या बसल्या. ज्याच्या त्याच्या मर्जीने बिचारं बदलत राहिलं.

हेस्टरही थकली होती. पन्नास वर्षं ती इथे झाडत होती. कंबर वाकली, गुडघे गेले, केरसुणी तेवढी सुटली नाही.

उत्तरेच्या भिंतीवर, उंच खुंटीला, कागदफुलांचा एक मुकुट लोंबत होता. अविवाहित मुलगी गेली की तिच्या शवपेटीपुढे असा मुकुट न्यायचा, मग चर्चमध्ये टांगायचा, ही गावची रीत. आपणहून गळला, तर तो तिच्याच थडग्यात पुरायचा. ओढून काढला, तर तो नुसता केर.

हा रोझमंडचा. हेस्टरची धाकटी बहीण, सतरा वर्षांची, हसरी, तापाने गेलेली.

बाकीचे मुकुट कधीच मातीला मिळाले. हा टिकला, आणि गावाला तो चमत्कार वाटे. चमत्कार कसला! दोरा विरला की हेस्टर गुपचूप शिडीवर चढायची, शेजारी नवा दोरा बांधायची. बहिणीने एकदाच जावं, पुन्हा जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

आज दुपारी नवे पाद्री आले.

"हेस्टरआजी, उद्या बिशप यायचेत. ते वरचं जळमट काढा आणि पानांच्या ढिगात टाका. संध्याकाळच्या घंटेला ढीग पेटवू."

"आपणहून पडू द्या की, पाद्रीसाहेब."

"पन्नास वर्षांत पडलं नाही, ते आज पडणार?" ते हसले आणि गेले.

बहीण आगीत जाणार होती, आणि दोष हेस्टरच्याच गाठींचा होता.

ऊन खिडकीतून निघालं, खांबावर चढलं, फिकटलं. हेस्टर शिडीवर चढली, पायरीपायरीला थांबत, धापा टाकत. मुकुटाला तिने हात लावला नाही. गाठी तिच्या होत्या, त्या तिने सोडल्या. ही आई गेली त्या वर्षीची. ही पुराच्या वर्षीची. ही, गिरणीवाल्या एडमंडला नाही म्हटलं त्या वर्षीची. एकेक दोरा सुटला, एकेक वर्ष सुटलं. शेवटी उरला आईने कातलेला पहिला दोरा, जुना, जर्जर, केसाएवढा.

ती खाली उतरली. एप्रन पसरून उभी राहिली.

दोरा तुटेना.

बाहेर ढिगापाशी माणसं जमू लागली. हेस्टरचे हात भरून आले. तिने वर पाहिलं.

"पड गं बाई आता," ती म्हणाली. "मी फार दमले."

घंटा वाजली. जुना मनोरा हलला, जुनी भिंत कापली. आणि कागदाची विटकी फुलं अलगद, अगदी अलगद, तिच्या एप्रनमध्ये आली.

पेटत्या ढिगाशेजारून ती बहिणीच्या थडग्याकडे चालत गेली, ओंजळ छातीशी धरून, हळू, हळू. वर खुंटीला वीतभर दोरा होता. घंटा थांबेपर्यंत हलत होता, मग तोही थांबला.