चार ठोके रिकामे

नदीमची तिसरी ओळ सुरू होती, तेवढ्यात रफीकभाई दार ढकलून आत आले. भिंतीला टेकवलेली एक गादी त्यांनी खांद्यावर घेतली आणि निघाले.

दिव्यानीनं हेडफोन काढला. "चाचा, रेकॉर्डिंग चालू हाय ना!"

"दुकानबी चालूच हाय, बाई," रफीकभाई म्हणाले आणि जिना उतरले.

बल्लारपुरात त्यांचं गाद्यांचं दुकान होतं. तयार माल दुकानावरच्या खोलीत ठेवलेला असायचा. त्याच खोलीत त्यांच्या मुलाचा, नदीमचा ग्रुप उन्हाळ्यापासून आपला पहिला अल्बम रेकॉर्ड करत होता. ग्रुपचं नाव 'तिसरी पाळी', अल्बमचं, गावच्या स्टेशनवरून, 'बल्लारशा'. नदीम आणि आदेश रॅप करायचे. दिव्यानी बीट बनवायची आणि लॅपटॉप सांभाळायची. खोलीच्या चारही भिंतींना कापसाच्या गाद्या उभ्या होत्या. कापूस आवाज पितो. तिथं उच्चारलेला शब्द भिंतीवर आपटून परत येत नसे. कानाशी बोलल्यासारखा कोरडा ऐकू येई. "स्टुडिओ अल्बम म्हणता, मंग स्टुडिओ कुठी हाय?" असं कोणी विचारलं, की आदेश म्हणायचा, "अख्ख्या इंडियातला सगळ्यात नरम स्टुडिओ हाय आपला. झोपबी येते."

बाकी सगळी गाणी झाली होती. शेवटचं, नदीमचं एकट्याचं, तेवढं उरलं होतं.

दुपारपर्यंत रफीकभाईंनी अर्धी खोली रिकामी केली. दिव्यानीनं मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली. तिच्या मागोमाग दुसरी, बारीक टाळी ऐकू आली.

"विहिरीत बसून गाऊन राह्यल्यासारखं वाटते बे," आदेश म्हणाला.

"नाईच जमणार," दिव्यानी म्हणाली. "बाकीची गाणी वेगळ्या खोलीतली वाटतील अन् हे वेगळ्या. चाचाले विचार, कोणाची ऑर्डर हाय एवढी?"

नदीम खाली आला. गाद्या ओट्यावर एकावर एक रचलेल्या होत्या. गिऱ्हाईक कोणीच नव्हतं. त्याची आई, सुलताना, गल्ल्याजवळ तांदूळ निवडत बसली होती.

"मलेबी सांगून नाई राह्यले," ती म्हणाली. "सकाळपासून हमाली चालू हाय तुया अब्बाची. लग्नाचा सीझन नाई, काई नाई."

"अब्बा, कोण घेते ह्या?"

"येईल ना कोणी."

"तुम्ही काल गाणं ऐकलं. नाई का?"

रफीकभाई गादीवरची धूळ झटकत राहिले. आदल्या संध्याकाळी नदीम वर सराव करत होता. लाकडी तक्तपोशीतून शब्द स्पष्ट खाली आले होते:

बाप माहा पिंजारी, तातीवर त्याचा हात,
गाठी सुटल्या कापसाच्या, माही सुटली बात.

"गाणं चांगलं हाय," ते म्हणाले. "पण बोर्डावर मी काय लिहून घेतलो? वाच."

"रफीक बेडिंग सेंटर."

"मंग?"

"मंग काय? गावाले मालूम नाई का, आपण कोण हाओ? लपवाचं काऊन? मले शरम नाई वाटत, अब्बा."

"तुले कशाची शरम? तुले कोणी हाक मारली?" रफीकभाई ओट्यावर बसले. "मी लहान होतो, तवा माह्या अब्बासंग, तुया दादासंग, मूल तालुक्यातल्या गावाइत फिरलो. ते कापूस पिंजाची कमान खांद्यावर घेत, मी तिच्या तातीवर माराची ठोकणी. तातीची कमान टुंग वाजली, की पोरं मागं लागत. बाया घरातून आवाज देत, 'ए पिंजारी, इकडं ये.' म्हातारं माणूस होतं ते. त्याले नाव होतं. अख्ख्या जिंदगीत त्या गावाइत कोणी घेतलं नाई."

"म्हणून तर मी घेऊन राह्यलो ना!"

"तू कुठी घेतला?" रफीकभाई शांतपणे म्हणाले. "तूबी पिंजारीच म्हटला."

नदीमनं मान वर करून बोर्डाकडं पाहिलं. सुलताना म्हणाली, "अन् आता ह्या गाद्या इथी ठेवता का रात्रभर? उंदरं हायेत."

मग सगळ्यांनीच त्या पुन्हा वर नेल्या. आदेशनं दोन एकदम उचलल्या आणि जिन्यात अडकला, तेव्हा रफीकभाई त्याला म्हणाले, "अबे, रॅप करतो का कुस्ती?" शेवटची गादी लावून झाल्यावर ते तिलाच टेकून बसले. त्यांना जा असं कोणी म्हटलं नाही.

"मंग ते बदलून टाक," दिव्यानी नदीमला हळूच म्हणाली. "चाचाचं नाव टाक. 'बाप माहा रफीक'. मात्राबी बसते."

"नुसतं रफीक?" नदीमनं बापाकडं पाहिलं. घरात त्यानं ते नाव कधी उच्चारलं नव्हतं. शाळेत बाईंनी विचारलं तेव्हाही 'शेख रफीक साहब' म्हणाला होता आणि वर्ग हसला होता. "असं बीटवर? जीभच नाई वळत."

दिव्यानीनं बीट सुरू केली. नदीम माइकसमोर उभा राहिला. पहिलं कडवं नीट गेलं. ती ओळ आली, तेव्हा त्यानं तोंड उघडलं, रफीकभाईंकडं पाहिलं आणि चार ठोके तसेच जाऊ दिले. पाचव्यावर त्यानं उचललं, "...तातीवर त्याचा हात."

गाणं संपलं.

"परत घेऊ?" दिव्यानीनं विचारलं.

"नाई. राहू दे."

रफीकभाई उठले, गादीला टेकल्यानं पडलेला खळगा हातानं थोपटून सारखा केला आणि खाली गेले.

अल्बम दिवाळीनंतर आला. लोकांनी फोनवर ऐकला, काहींनी शिव्या घातल्या, काहींनी रिक्षात लावला. रुखमाबाई नावाच्या बाई जुनी गादी भरून घ्यायला आल्या, तेव्हा सुलतानानं त्यांना कौतुकानं ते शेवटचं गाणं ऐकवलं. रफीकभाई ओट्यावर मांडी घालून गादीला टाके घालत होते. ती जागा आली, तेव्हा त्यांची सुई कापडात अर्धी जाऊन थांबली.

"पोराचा आवाज गेला वाटते," रुखमाबाई म्हणाल्या. "नुसतं ढोलकं वाजून राह्यलं."

"नाई बाई," रफीकभाई म्हणाले. "तेवढं तसंच हाय."

आणि दोरा ओढून घेतला.