शनिवारचा खडू

मुलांनो, डोळे मिटायची गरज नाही. उघड्या डोळ्यांनीच कल्पना करा. साल १९९४. कोयनानगरच्या धरण वसाहतीतली शाळा, सातवीचा वर्ग, शनिवारची सकाळ. फळ्यावर शब्दकोड्याच्या चौकटी आखल्या आहेत आणि पायल त्यांच्याकडे टक लावून बसली आहे. तुम्हीही तिच्या बाकावर सरकून बसा.

कोडं उत्कर्षाबाईंनी घातलं होतं. बाई जूनमध्येच सांगलीहून बदलून आल्या होत्या. एका शनिवारी कोडं बाईंचं, पुढच्या शनिवारी जिंकणाऱ्याचं, असा त्यांचा नियम. शब्द सगळ्यांनी मिळून भरायचे, पण शब्दांमागे एक विषय दडलेला असे. तो ओळखायला प्रत्येकाला एकच संधी, आणि ओळखणाऱ्याला बाईंच्या हातचा खडू, म्हणजे पुढचं कोडं घालायचा मान. आजवर दर वेळी खडू महेंद्रने पटकावला होता, आणि त्याच्या कोड्यांत बॅट, चेंडू आणि पंच यांच्यापलीकडे काही नसायचं. आज खडू आपल्या हातात यायचाच, असं पायलने घरून निघतानाच ठरवलं होतं.

चौकटी भरून झाल्या. दिवा, कडी, घागर, कौल, कुत्रा.

"घरातल्या वस्तू," महेंद्र म्हणाला.

"कुत्रा वस्तू आहे का रे?"

"आमचा हाय, बाई. खाटेखाली पडला की हलतच न्हाई."

वर्ग खो खो हसला, पण महेंद्रची संधी गेली.

पायलच्या ओठांवर शब्द आला होता, राखण. कडी दार राखते, कुत्रा अंगण राखतो, कौल पावसापासून राखतं. पण घागर? दिवा? दोन शब्द बाहेर राहत होते. एक जरी शब्द बाहेर राहिला तरी विषय चुकला, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने ओठ मिटून घेतले.

"राखण!" मागून पिंकी म्हणाली. बाईंनी मान हलवली. आणखी एक संधी गेली.

तेवढ्यात जमीन हलली. हलली म्हणजे नेहमीसारखीच, जराशी. पिंकी "तुझ्यामुळं घाई झाली" म्हणून शेजारणीशी भांडत होती, ती थांबलीसुद्धा नाही. बाईंचं बोलणं मात्र अर्ध्यावर तुटलं. त्यांची नजर वर टांगलेल्या दिव्याकडे गेली. तो झुलत होता. मग दाराकडे, कडी खुळखुळत होती. मग कोपऱ्यातल्या घागरीकडे, तिच्यावरचं झाकण वाजत होतं. छपरावर कौल खडखडलं तशा बाई दाराकडे सरकल्या, आणि बाहेर कुत्रा भुंकायला लागला.

पायल कोडं सोडून बाईंकडेच बघत होती. मग तिने फळ्यावरचे पाची शब्द एकेक करून तपासले. एकही बाहेर राहिला नाही. ती उभी राहिली.

"धक्का, बाई. भूकंपाचा धक्का."

"आगं, धक्का काय इषय हाय व्हय?" महेंद्र म्हणाला. "त्यो तर रोजचाच."

"आपला रोजचा. कोडं बाईंनी घातलंय, तू न्हाई."

बाई दाराकडून परत आल्या आणि टेबलाला धरून हसल्या. "बरोबर. सांगलीत दिवा हलला की मी म्हणायची, वारा सुटला. इथे आल्यापासून या पाचांनी माझी झोप उडवली आहे. तुम्हाला ते ऐकूच येत नाहीत, म्हणून वाटलं होतं, आज कुणालाच सुटणार नाही." त्यांनी खडू पुढे केला.

"आमच्या आजीला तर भांडं पडल्याबिगर कळतच न्हाई," पायल म्हणाली.

तिच्या कोड्याला पुढच्या शनिवारपर्यंत सवड होती. पायल थांबली नाही. तिने महेंद्रला सरकायला लावून बाईंना त्याच्याशेजारी बसवलं. "आता तुमी सोडवायचं, बाई. आन् संधी एकच," असं बजावून तिने फळा पुसला, पट्टी टेकवली आणि पहिली आडवी रेघ ओढली.