एकशेदहाच्या आत

"किती झाले गं?" दांडा पोटाशी ओढत मास्तरांनी विचारलं.

मशीनच्या स्क्रीनवर हृदयाचे ठोके एकशे दोन होते. बायको म्हणाली, "एकशे बारा. अहो, हळू घ्या जरा!"

"हात्तिच्या!" मास्तर पुटपुटले आणि त्यांनी वेग कमी केला. बसायची पाटी सावकाश पुढं गेली, सावकाश मागं आली.

मास्तर म्हणजे शिंपी. उभी हयात लोकांच्या बाह्या आणि कॉलरी बेतण्यात गेली. आधी साखरेने डोळे नेले, दुकान बंद झालं. मग एका सकाळी ते बेसिनपाशी कोसळले. दार आतून लावलेलं. शेजारी येऊन कडी तोडेपर्यंत ती एकटीच दारावर थापा मारत होती आणि आतून हूं की चूं नव्हतं. तेव्हापासून मास्तर साधे खोकले तरी ती हातातलं काम टाकून धावत यायची.

जीव वाचला. दवाखान्यात व्यायाम शिकवणारी मुलगी होती, तिनेच हे वल्हवायचं मशीन घरी घ्यायला सांगितलं. "छातीला पट्टा बांधायचा, काका. ठोके समोर स्क्रीनवर दिसतात. एकशेदहाच्या आत ठेवायचे. वर गेले की हळू व्हायचं. हृदय सुधारलं की तेवढाच जोर लावूनही ठोके कमी पडतात."

"मला दिसत नाही, पण घरात वाचणारी आहे," मास्तर म्हणाले. "ते सोड. जिने कधी चढू?"

"सलग वीस मिनिटं ठोके आत राहिले की चढा. मध्ये मध्ये टेकत."

जिन्यांचा ध्यास आक्कासाठी होता. आक्का ही मास्तरांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा मास्तरांना लहानाचं मोठं तिनेच केलं. सुईत दोरा ओवायलाही तिनेच शिकवलं. ती दोन गल्ल्या सोडून तिसऱ्या मजल्यावर राहायची. लिफ्ट नाही, आणि कमरेचं हाड मोडल्यापासून आक्का अंथरुणाला खिळलेली. खुर्चीत बसवून वर न्यायला माणसं तयार होती, पण मास्तर ऐकतील तर ना!

"मी काय कपाट आहे उचलून न्यायला? माझ्या पायांनी जाईन."

पहिले काही दिवस तिने आकडे खरेच सांगितले. मग एकदा ठोके एकदम एकशे एकोणीसवर गेले. ती थांबा, थांबा म्हणून ओरडली. मास्तर मात्र हसत होते, "चढू दे की गं जरा!" दुसऱ्या दिवसापासून ती पदरचे दहा घालून आकडा सांगायला लागली. हळू चालवतील, जपून राहतील, एवढंच तिच्या मनात होतं.

आणि मास्तर सुधारत गेले. त्या मुलीने सांगितलं होतं अगदी तस्सं. जोर तोच, ठोके कमी. ते सुधारतायत हे घरात फक्त तिला ठाऊक होतं. तिला आनंद व्हायचा, पण बोलायची सोय नव्हती.

संध्याकाळी आक्काचा फोन यायचा. "काय नावाडी, लागली का होडी किनाऱ्याला?"

"कसली लागतेय! इंजिनच भंगार निघालं."

"येशील रे सावकाश. मी कुठं पळून जातेय?"

दोघं खळखळून हसायची. पण फोन ठेवला की मास्तरांचा चेहरा उतरायचा. एकदा म्हणाले, "माझं काही खरं नाही आता. एवढं वल्हवतोय, पण फरक म्हणून नाही."

खरं सांगायचं अगदी तिच्या ओठांवर आलं होतं. पण डोळ्यांपुढं ते तीन मजले आले, मधल्या वळणावर आडवे झालेले मास्तर आले. आज नको, उद्या सांगू, असं म्हणून ती चहा टाकायला उठली.

आक्का एका पहाटे झोपेतच गेली.

इमारतीखाली माणसं जमली. "मास्तरांना वर नेऊ नका, हृदयाचं दुखणं आहे त्यांना," कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मास्तर कठडा धरून उभे राहिले, एक पाय पहिल्या पायरीवर. वरून पावलं वाजायला लागली. "जपून, वळणावर जपून," असं एकमेकांना सांगत माणसं उतरत होती. आक्का खाली आली.

मास्तरांनी तिच्या कपाळावरून, गालांवरून हात फिरवला. मानेपाशी बोटं थबकली. "किती वाळलीस गं," ते म्हणाले. "बोललीही नाहीस." मागं उभ्या असलेल्या बायकोला धरणीने पोटात घ्यावंसं वाटलं.

त्यानंतर बरेच दिवस मशीनकडं कुणी फिरकलं नाही. मग एका सकाळी मास्तर आपणहून म्हणाले, "पट्टा दे."

वल्हवायला लागल्यावर थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "किती?"

"शहाण्णव," ती म्हणाली.

मास्तरांनी वेग वाढवला. "आता?"

"शंभर."

अजून वाढवला. "आता?"

"एकशे चार."

पुढं त्यांनी विचारलंच नाही. वीस मिनिटं झाली असं तिने सांगितलं, तेव्हा दांडा सोडला.

"आजच कसा काय बरा झालो मी?"

"अहो, मला जिन्याची भीती वाटायची हो."

"कधीपासून?"

"जवळजवळ पहिल्यापासूनच."

ते ओरडले असते, दांडा आपटला असता, तर तिला सोसलं असतं. मास्तरांनी छातीचा पट्टा सोडून बाजूला ठेवला. घाम हनुवटीवरून टपकत होता. तिने टॉवेल पुढं केला, हाताला लावला. त्यांनी घेतला नाही.

"घड्याळ बघ," ते म्हणाले. "आता म्हण, आणि मिनिट झालं की सांग."

त्यांनी उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर ठेवली. तिने सेकंदकाटा बाराशी येऊ दिला आणि "आता" म्हटलं. मास्तरांचे ओठ हलत होते. तिने काट्यावरची नजर काढली नाही.

"झालं," ती म्हणाली.

मास्तरांनी मनगट सोडलं. किती भरले, ते त्यांनी तिला सांगितलं नाही.