बेचाळीस नाकं

"रेषेला जात नसते, प्रांत नसतो!" मी संपादकांना ठणकावून सांगितलं. माझ्या चित्रकादंबरीतल्या बाजारात बेचाळीस डोंगरी माणसं होती आणि सगळ्यांचं बटाट्यासारखं नाक मी एकाच ट्रेसिंग पेपरवरून उतरवलं होतं, एवढं सांगायचं राहिलं.

पुस्तक शिवणाऱ्या बाई डोंगरातल्याच. पानं माझ्या पुढ्यात सरकवून म्हणाल्या, "काका, आमच्याकडे नाकांचा दुष्काळ पडलाय का? मी नाही हे शिवणार."

"अहो बाई, विनोद आहे तो," संपादक म्हणाले.

"मग मला हसू का येत नाही?"

मी खवचटपणे पेन्सिल पुढे केली. "घ्या, तुम्हीच काढा."

त्यांनी खरंच घेतली आणि एकेक नाक खोडून नवं काढत सांगू लागल्या. हे चुलते, बोलताना मान तिरकी करणारे. ही मावशी, हसू दाबताना हिच्या नाकपुड्या फुगतात. तासाभरात बाजारातली माणसं एकमेकांशी बोलायला लागली. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. चाळीस वर्षं रेघोट्या ओढल्या, पण माणूस असा उमटताना पहिल्यांदाच बघत होतो.

एक नाक मात्र बटाट्यासारखंच होतं.

"हे राहिलं," मी हळूच म्हणालो.

सुईत दोरा ओवत बाई म्हणाल्या, "तेवढं राहू द्या हं, काका. त्या आमच्या थोरल्या जाऊबाई."