स्वयंपाक करणाऱ्याला फोन द्या

"फोन इकडे दे," आई म्हणाली. "जेवायच्या जागांशी मी स्वतः बोलते."

दुपारची वेळ. जेवणाच्या टेबलावर त्या जुन्या शहराचा नकाशा पसरलेला, पंख्याने उडू नये म्हणून कोपऱ्यांवर चहाचे कप ठेवलेले. बाबा चष्मा कपाळावर चढवून माझ्या नवऱ्याशी हुज्जत घालत होते, की घंटाघराच्या पायऱ्या त्यांना सहज चढता येतील. उन्हाळ्याच्या सुट्टीत चौघांनी तिथे जायचं, सकाळी किल्ला, संग्रहालय, जुना पूल असं बाबांच्या आवडीचं बघायचं आणि उरलेला दिवस चांगलंचुंगलं जेवायचं, असा बेत होता. बेत माझा. आणि त्यात मी जे लपवलं होतं, ते आई आता एका फोनने उघडं पाडणार होती.

"अगं, मी सगळीकडे बुकिंग केलंय," मी म्हटलं. "बाबांचं बिनमिठाचं हवं, तेही कळवलंय."

"कोणाला कळवलंस?"

"वेबसाइटवर. तिथे एक रकाना असतो, त्यात लिहिलं."

"रकाना स्वयंपाक करतो का?"

झालं! आता हिच्यापुढे काय बोलणार? आईने सगळी नोकरी हॉस्पिटलच्या किचनमध्ये काढली, शेवटी तिथली प्रमुख म्हणून निवृत्त झाली. बाहेर जेवायचं असलं की तिचा एक ठरलेला नियम असायचा. आधी फोन करायचा, आणि मॅनेजरशी अवाक्षर न बोलता थेट स्वयंपाक करणाऱ्याला फोनवर बोलवायचं. मॅनेजरचं कामच हो म्हणायचं असतं, असं तिचं म्हणणं. बाबांची मूत्रपिंडं नाजूक झाल्यापासून आम्ही बाहेर जेवायलाच गेलो नव्हतो, त्यामुळे हा नियम माझ्या डोक्यातून साफ गेला होता. बेत आखताना हॉटेलं बघितली, गाड्या बघितल्या, बाबांसाठी बसायला बाक कुठे आहेत तेसुद्धा बघितलं आणि आईला मात्र विसरले. इतकी शहाणी मी!

कारण नदीकाठचं जे छोटं हॉटेल मी शेवटच्या संध्याकाळसाठी ठरवलं होतं, तिथलं किचन ताई चालवते. ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण.

ताई आईच्याच हाताखाली हॉस्पिटलच्या किचनमध्ये कामाला होती. एक दिवस बिनमिठाच्या रुग्णाला मिठाचं ताट गेलं. माणूस अत्यवस्थ झाला, नशिबाने वाचला. आईने चौकशी केली, अहवाल लिहिला आणि त्यात स्वतःच्या मुलीला दोषी धरलं. ताईची नोकरी गेली. ती त्याच आठवड्यात घर सोडून गेली, आणि आईने सांगून टाकलं की या घरात तिचा विषय निघणार नाही. बाबांनी तोंडात गुळणी धरली ती आजतागायत. मी मात्र भांडभांड भांडले. ताईच्या हातून असं होणंच शक्य नाही, दुसऱ्या कोणीतरी केलं आणि आईने आपला न्यायीपणा मिरवायला पोटच्या पोरीचा बळी दिला, असं मी आईला तोंडावर सांगितलं. आईने उत्तर दिलं नाही. तिचं ते गप्प राहणं मला अजून डाचतं.

ताईशी मी चोरून बोलते. मी औषधाच्या दुकानात काम करते. गिऱ्हाईक नसलं की मागच्या खोलीत खोक्यांच्या आड उभी राहून फोन लावते. या बेताबद्दल मी सांगितलं तेव्हा तिने आधी तारीख विचारली. मग म्हणाली, "आण तिला. एकदा माझ्या हातचं जेवू दे. पण आधी सांगू नकोस, सांगितलंस तर ती पाऊल उचलायची नाही. आणि ऐक, या खेपेला आली नाही तर मी नाद सोडला. दाराकडे डोळे लावून स्वयंपाक करायचा मला कंटाळा आलाय गं. मग तू पण मला तिचं काही सांगायचं नाहीस."

ताई एकदा बोलली की बोलली. त्या बाबतीत ती थेट आईवर गेलीये.

"पहिला नंबर सांग," आई म्हणाली.

पहिला नंबर किल्ल्याजवळच्या मोठ्या हॉटेलचा होता. आईने फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. मॅनेजरसाहेबांनी सुरुवात केली, आमच्याकडे हे मिळतं, आमच्याकडे ते मिळतं, अमका मोठा माणूस येऊन गेला.

"स्वयंपाक करणाऱ्याला फोन द्या," आई म्हणाली.

"मॅडम, ते बिझी आहेत. तुम्ही मला सांगा ना."

"तुमच्या सूपमध्ये मीठ कधी पडतं? सुरुवातीला की शेवटी?"

"ते... विचारून सांगतो, मॅडम." आईने फोन कापला आणि नकाशावरच्या त्या हॉटेलवर पेन्सिलने फुली मारली. बाबा हसले. मलाही एरवी हसू आलं असतं, पण आत्ता माझं लक्ष दुसरीकडे होतं. मी टेबलाखाली ताईला मेसेज टाकत होते : आई फोन करतेय, तू घेऊ नकोस. मेसेज गेला, पण कोणी वाचेना. वाचणार कशी? कामाच्या वेळी किचनमध्ये फोन आणायचा नाही, ही शिस्त ताईला आईनेच लावलेली.

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याला सगळं माहीत होतं. तो गाडी चालवायला शिकवतो. घाबरला की त्याचा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधतो. आत्ता तो टेबलाखाली फरशी दाबत होता.

"आई, मी काय म्हणतो," तो म्हणाला, "नदीकाठचं ते राहू द्या. तिथे डास फार असतात म्हणे."

"तू कधी गेला होतास तिथे?"

"नाही, म्हणजे... ऐकलंय."

"मग शेवटच्या संध्याकाळी चौकातच जेवू ना," मी मध्ये पडले. "बाबांना घंटाघर जवळ पडेल."

आईने पेन्सिल खाली ठेवली. ती माझ्याकडे बघायला लागली आणि मला लहानपणी दुधाचं भांडं पालथं केलं होतं तेव्हासारखं वाटलं. "काल तूच म्हणालीस, काहीही झालं तरी नदीकाठचं चुकवायचं नाही. आज दोघंही नको म्हणताय. काय शिजतंय?"

"काही नाही गं!"

"नंबर सांग."

मी शेवटचा आकडा चुकवून सांगावा असं मनात आलं. तसं केलंही. फोन एका चपलांच्या दुकानात लागला. आईने शांतपणे माफी मागितली, माझ्यापुढचा कागद ओढून घेतला आणि स्वतः नंबर फिरवला. मी बाबांकडे बघितलं. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं, ते जुन्या पुलाच्या कमानी मोजत होते.

एका मुलीने फोन उचलला. गोड आवाजात विचारलं, काय मदत करू?

"स्वयंपाक करणाऱ्याला फोन द्या."

"हो, देते हं. ताई, तुमच्यासाठी!"

ताई म्हणायचे तर तिथे सगळेच तिला. आईच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. फोनमधून भांड्यांचे आवाज, नळाचं पाणी, कोणीतरी कोणालातरी बाजूला हो म्हणतंय. मग पावलं जवळ आली.

"बोला."

एवढाच शब्द. आईचा नकाशावरचा हात जिथे होता तिथेच राहिला. मी मनात म्हटलं, संपलं. तिचा अंगठा लाल बटणापासून बोटभर अंतरावर होता. तिने नुसता टेकवला असता तरी सगळं कायमचं संपलं असतं, आणि ताईने जन्मात पुन्हा विचारलं नसतं. बाबांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि फोनकडे बघायला लागले, जणू त्यात कोणी दिसणार होतं.

"तुमच्याकडे मीठ कोण घालतं?" आईने विचारलं. आवाज नेहमीचा. पण मी तिची मुलगी आहे, मला कळलं, तिने तो कसा ओढून धरलाय ते.

तिकडेही एक श्वास अडकला. ऐकू आला मला.

"मी घालते."

"चाखतं कोण?"

"मीच. घालण्याआधी एकदा आणि घातल्यावर एकदा. मला तसं शिकवलंय."

"बिनमिठाचं कुठे ठेवता?"

"वेगळ्या ओट्यावर. झाकण लावून. त्या ओट्याला दुसरं कोणी हात लावत नाही." ताईचा आवाज जरा चढला. "एवढीशी चूक झाली तर माणूस जिवानिशी जाईल, हे मला माहितेय. आणखी काही विचारायचंय तुम्हाला?"

पंख्याच्या वाऱ्याने नकाशाचा मोकळा काठ फडफडत होता. माझ्या नवऱ्याने पाय हलवणंही थांबवलं. मला ओरडावंसं वाटत होतं, बोल ना बाई, काहीतरी बोल, नाहीतर ती फोन ठेवेल!

"हो," आई म्हणाली. "त्या दिवशी ते ताट तू लावलं होतंस का?"

मी आईचं मनगट धरलं. इतक्या वर्षांनी, सगळ्यांदेखत, हे काय विचारतेय ही? आता ताई काय बोलेल? ताई नाही म्हणेल, मग आई पुन्हा अहवाल काढेल, आणि हा फोन शेवटचा ठरेल.

"हो," ताई म्हणाली. "मीच लावलं होतं. माणसं कमी होती, घाई होती, दोन ताटांची झाकणं बदलली गेली. माझ्याच हातून."

मी मनगट सोडलं. माझ्या तोंडात कोणीतरी मारल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी नातेवाइकांच्या घराघरात ताईची वकिली करत फिरले, आणि तिने मला एकदाही थांबवलं नाही.

"मी सांगणारच होते," ताई बोलत होती, आणि आता तिच्या आवाजात रडू होतं. "तू सगळ्या किचनला विचारलंस. भांडी घासणाऱ्या बाईला विचारलंस. मला नाही विचारलंस. मी दारात उभी होते आई, दिवसभर. तू माझ्यासमोरून गेलीस आणि सरळ कागद घेऊन बसलीस. का नाही विचारलंस?"

आईने दोन्ही हातांनी फोन उचलला. स्पीकर बंद करायचं तिला सुचलं नाही, की तिने केला नाही, देव जाणे.

"भीती वाटली," ती म्हणाली. "विचारलं असतं आणि तू खोटं बोलली असतीस, तर मी ते झाकलं असतं. मला माझी खात्री नव्हती गं. तुझी नव्हे. माझीच."

हे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं. बाबांनाही नसावं, कारण बाबांनी तोंडावर हात ठेवला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. तिकडे कोणीतरी ताईला हाक मारली, उकळी आली, गॅस कमी करू का? थांब जरा, ताई म्हणाली. मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"किती माणसं?" ताईने विचारलं. कामाच्या आवाजात.

आईने फोन बाबांपुढे धरला. बाबा खुर्ची सरकवून पुढे वाकले. ताई गेल्यापासून तिच्याशी एक शब्द न बोललेले माझे बाबा. "चार," ते म्हणाले. "आम्ही चौघं येतोय, बाळा."

"बाबा." ताईने पुन्हा नाक ओढलं. मग म्हणाली, "तुम्हाला मीठ पूर्ण बंद आहे ना?"

"पूर्ण."

"आई," ताईने विचारलं, "बाबांचं ताट मी लावू?"

आईने बाबांकडे बघितलं. त्यांच्या आजारपणापासून त्यांचं ताट तिने कोणाला लावू दिलेलं नाही, मलासुद्धा नाही.

"लाव," आई म्हणाली. "तूच लाव. मी आत बघायला येणार नाही."