सातव्या वळणावरचा हात

कार्तिक सरत आला, तशी उंब्रजच्या पश्चिमेच्या घाटात संध्याकाळ लवकर गारठू लागली. कॉलेज सुटल्यावर प्राध्यापक आकाराम आपली जड काळी सायकल घेऊन घाटमाथ्यावरच्या गावी परतताना तो घाट रोज एकटाच चढत असे.

त्या घाटाचा एक रिवाज होता आणि गावाला त्याचा फार अभिमान. चढावर दमलेल्याच्या कॅरिअरला हात लावून ढकलायचे, कोण कुठला ते विचारायचे नाही. आकारामच्या बाबतीत विचारण्याची गरजच नव्हती. छप्पन साली त्याच्या वडिलांनी धम्म स्वीकारला होता, हे सर्वांना पाठ होते. त्याची सायकल दिसली की वाटेतल्या कठड्यावर बसलेल्या मंडळींच्या हातांना नेमका तंबाखू मळायचा असे.

या सौजन्याने त्याच्या मांड्या मात्र उत्तम घडल्या. सहा वळणे तो पाय न टेकता चढे. थंडीने दिवस आणखी आखडण्याआधी सातवेही कोणाच्या हाताविना चढायचे, म्हणजे या गावाकडून कसलीच अपेक्षा उरणार नाही, असा त्याचा निश्चय होता.

त्या संध्याकाळी सातव्या वळणावर चाक डगमगले आणि सायकल एकाएकी हलकी झाली.

"कोण आहे? हात काढा!"

"आवं सर, पडशिला की!" महिन्यापूर्वी पलटणीतून निवृत्त होऊन आलेले हंबीरराव मागे धापा टाकत होते.

आकारामला पाय टेकावा लागला. "चार वर्षांत पडलो नाही. आजच बरी दया आली?"

"दया न्हवं, लाज. तिकडं एका ताटात जेवलो समद्यांसंगं. आन् हितं महिनाभर मीबी तंबाखूच मळतोय."

"लाज तुमची आणि मोडला माझा चढ!"

"चुकलं. काय करू, सांगा."

आकारामने हँडल सरळ केले. "उद्या तुमची सायकल आणा. दमलात तर मी ढकलीन. चालेल?"

हंबीररावांनी खाली कठड्याकडे पाहिले. तिथली मंडळी इकडेच बघत होती.

"चालंल," ते म्हणाले. "पर सातव्यापतूर माझा दम टिकायचा न्हाई. मंडळींम्होरंच तुटंल बगा."

दुसऱ्या दिवशी दोन सायकली चढू लागल्या. कठड्यासमोर येताच हंबीरराव, फारसे दमलेले नसताना, पलटणीच्या आवाजात ओरडले, "सर, लावा की हात! म्हातारा मरतोय हितं!"

आकारामने एका हाताने आपले हँडल सांभाळले आणि दुसरा हात त्यांच्या पाठीला लावला.